दार बंद, सरासरी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डापुढे. मधली सुट्टी संपून मुलं वर्गात गेली होती. करड्या गणवेशातला एक उंच, जरा वाकलेला माणूस खांद्याला पिशवी अडकवून आठवी ‘ब’चं वेळापत्रक वाचत होता. त्या वेळापत्रकात वाचण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी कार्यालयात गेले, हजेरीपटावर सह्या केल्या, परत आले, तरी ते तिथेच. मला वाटलं, कुणाचे तरी वडील असतील, आत यायचा धीर होत नसेल. असे पालक मी पुष्कळ पाहिलेत.

“कोणाला भेटायचंय?” मी विचारलं.

ते दचकले. “कुणाला नाही बाई. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचंय. जिन्याखालचं.”

“मग ते त्या बाजूला आहे.”

“माहीत आहे. जातोच आता,” म्हणाले, आणि तरीही गणिताचा तास कोणत्या वारी आहे ते पाहत आणखी मिनिटभर उभे राहिले. सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता जमिनीला टेकवलेला. मग हळूच निघाले.

पुढे ते मला रस्त्यावरही असेच दिसू लागले. एकदा बायकांच्या पर्सच्या दुकानापुढे होते. दुकानदार गल्ल्यावरूनच ओरडला, “अहो मीटरभाऊ, चार महिने झाले, ती लाल पर्स न्याहाळताय. एकदाची घ्या तरी, नाहीतर रीतसर मागणी घाला तिला!”

“रंग पटत नाही,” मीटरभाऊ हसून म्हणाले आणि पुढे सरकले. पुढे म्हणजे साठ-सत्तर पावलं. तिथे औषधाचं दुकान होतं. त्याच्या काचेवरची टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात ते मन लावून वाचू लागले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कंगवा अडकेल एवढे केस होते.

त्यांची पोटरी भरून यायची. थोडं चाललं की आत कुणीतरी पिळा घातल्यासारखं व्हायचं, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायचं. रस्त्यात उगाच थांबलेल्या माणसाला लोक दहा प्रश्न विचारतात. काहीतरी वाचत थांबलेल्याला कुणी विचारत नाही. हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं.

त्यांची बायको माझी विद्यार्थिनी निघाली. तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची, डाव्या हाताने लिहायची, शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागून रोज भांडण व्हायचं. मी तिला डावरी म्हणायचे, अजूनही म्हणते. ती एका छापखान्यात पानं जुळवायचं काम करते. मी निवृत्त झाले त्याच वर्षी ते लोक आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, आणि आमच्या घरचं मीटर मीटरभाऊंच्या हद्दीत होतंच. अशी दोन्हीकडून ओळख झाली.

मीटर वाचण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. लोक मीटर कुठे बसवतील याचा नेम नसतो. जिन्याखाली, संडासाच्या मागे, मोडक्या सायकलींच्या पलीकडे. उंचावरचं मीटर वाचायला मीटरभाऊंनी काठीला एक छोटा आरसा बांधला होता. आरशात आकडे उलटे दिसतात, ते सुलटे करून वाचायची त्यांना इतकी सवय की डावरी म्हणायची, “यांना सरळ लिहिलेलं वाचायला जास्त वेळ लागतो.” एका इमारतीतली सगळी मीटरं झाली की ते फाटकापाशी येत, सिगरेट पेटवत आणि वही नीट करत. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या वरिष्ठाने शिकवलं होतं, एक ओढली की आकडे डोक्यात बसतात. तेव्हापासून एक इमारत, एक सिगरेट. दिवसाला वीस-बावीस इमारती.

त्यांच्या कामात एक रीत होती. घराला कुलूप असेल तर पुस्तकात ‘दार बंद’ असं लिहायचं आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून आकडा टाकायचा. रीत अडचणीपुरती होती, पण बऱ्याच जणांनी तिची सोय करून घेतली होती. चहाच्या टपरीवर बसून आख्ख्या गल्लीची दारं बंद करून टाकायची आणि सरासरी लिहून मोकळं व्हायचं. याला त्यांच्यात ‘टेबल रीडिंग’ म्हणत. मीटरभाऊंनी हे कधी केलं नाही. घर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी जात, तिसऱ्या दिवशी जात. “उंटावरून शेळ्या हाकणं मला जमत नाही, बाई,” एकदा आमच्या ओट्यावर पाणी पिताना म्हणाले. “आकडा म्हणजे डोळ्याने बघितलेला. नाहीतर तो आकडा कसला?” एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पुस्तकात फार थोडी दारं बंद होती. म्हणूनच पुढे जे झालं ते मला इतकं लागलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली. त्यांना वाटलं, बूट चावला. पंधरा दिवस मलम लावलं. मग डावरीने धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, घोट्यापाशी बोट दाबून नाडी शोधली, पुन्हा शोधली, आणि विचारलं, “किती ओढता?”

“असतील दहा-बारा.”

“वीस-बावीस,” डावरी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले की पायाला रक्त नेणारी नळी आतून बुजत आलीय. शस्त्रक्रिया करून बाजूने दुसरी वाट काढून देता येईल. पण आधी आठ आठवडे धूर पूर्ण बंद, आणि नंतर जन्मभर बंद. “दिवसाला एक ओढलीत तरी या पायाच्या दृष्टीने ती वीससारखीच. सिगरेट आणि पाय, दोन्ही तुम्हाला ठेवता येणार नाहीत.”

घरी येताना मीटरभाऊ वाटेत सहा वेळा थांबले, डावरीने मला सांगितलं. प्रत्येक थांब्यावर खिशात हात जायचा आणि ती नुसती बघायची.

त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी सिगरेट सोडू पाहणाऱ्यांची बैठक असे. एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात वजनाचा काटा. बैठक घ्यायच्या एक सिस्टर. जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे रोगीसुद्धा ऐकत असतील. फुंकर मारून धूर तपासायचं यंत्र मोठ्या इस्पितळांत असतं. इथे नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, “आमच्याकडे यंत्र नाही, वही आहे.” प्रत्येकाला त्या चाळीस पानी वही द्यायच्या. चार रकाने आखायचे: तारीख, किती, कधी, का. आणि प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यायच्या.

मीटरभाऊंचा जोडीदार होता एक पेंटर. घरं रंगवणारा, साठी उलटलेला, बुटका, नखांत कायमचा पांढरा रंग. त्याच्या फुप्फुसांची चाळण झाली होती. तो मुलीकडे राहायचा आणि मुलीने बजावलं होतं, घरात बाळ आहे, पुन्हा वास आला तर तुम्ही वेगळी खोली बघा.

“रोज संध्याकाळी सातला एकमेकांना फोन करायचा,” सिस्टरांनी दोघांना सांगितलं. “पहिला प्रश्न एकच. किती? हवापाण्याच्या गप्पा नंतर.”

“सिस्टर, माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या अटी नव्हत्या,” पेंटर म्हणाला.

“म्हणूनच लग्नात माणसं खोटं बोलतात. इथे नको.”

खोलीतले सगळे हसले. मीटरभाऊही हसले. घरी येऊन त्यांनी ते डावरीला तसंच्या तसं सांगितलं.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. डावरी माझ्याकडे येऊन ओट्यावर बसायची. “काल मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, बाई. आज मीठ बरोबर आहे म्हणून चिडले. म्हणे, मुद्दाम करतेस.” त्यांना झोप नव्हती, तोंडाला चव नव्हती. घाम यायचा. आमचं मीटर वाचायला आले तेव्हा तोंडात लवंग धरली होती आणि लिहिलेला आकडा दोनदा खोडून परत लिहिला. मी म्हटलं, “बसा थोडं.” म्हणाले, “बसलो की आठवते.” उभे राहिले तरी आठवत असणारच. फाटकापाशी जाऊन त्यांचा हात खिशाकडे गेला, रिकामाच बाहेर आला, आणि तो हात कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

पण रोज सातला फोन व्हायचा. भिंती पातळ, मागची गल्ली अरुंद, आमच्या स्वयंपाकघरात मला मीटरभाऊंची बाजू ऐकू यायची.

“किती? ... वा! माझे नऊ. ... अहो काका, तुम्हाला कसं जमतं? ... हो, हो. ... उद्या आठ.”

मग एक दिवस ऐकलं, “माझे सहा.” मग चार, मग दोन. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ते नुसतं म्हणाले, “शून्य,” आणि पलीकडून पेंटर इतक्या जोरात ओरडला असावा की मीटरभाऊंनी फोन कानापासून लांब धरला, हे डावरीने दुसऱ्या दिवशी करून दाखवलं. ती हसत होती. कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती वही घेऊन माझ्याकडे आली. “बाई, बघा तरी. शाळेत माझे नव्हते तेवढे छान आकडे लिहिलेत.”

मी वही उघडली. चौदा, अकरा, नऊ, आठ, सहा, चार, दोन, शून्य, शून्य, शून्य. एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. सुरुवातीच्या ओळी सोडल्या तर सगळे एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने, शाई कुठे जाड नाही की पातळ नाही. ‘का’ या रकान्यात प्रत्येक ओळीत ‘सवय’ एवढंच. पस्तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. महिनाभराचं शुद्धलेखन शेवटच्या दिवशी एका बैठकीत उतरवलेलं असलं की ते ओळखायला मला चष्मा लागत नाही. आणि दोनच दिवसांपूर्वी ते आमच्या मीटरपाशी उभे होते तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वास येत होता. मी तो माझ्या मनाचा खेळ समजून सोडून दिला होता.

डावरी माझ्या तोंडाकडे बघत होती. शाळेत उत्तर बरोबर आलंय की नाही ते बघताना बघायची तशीच.

“छान,” मी म्हटलं.

वही तिला परत दिली. दुसरा शब्द बोलले नाही. त्याबद्दल मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटलं, तिचा एक दिवस तरी बरा जाऊ दे. मला वाटलं, कमी तरी झाल्याच असतील. मोठ्या माणसाला वहीवरून कसं बोलायचं, असंही वाटलं. मुलांना मी सोडलं नसतं.

सिस्टरांनी शून्यं पाहिली, शाबासकी दिली, डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. आठ आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. चांगली झाली. पाय गरम झाला, करंगळीची जखम भरू लागली. घरी आल्यावर मीटरभाऊ गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता गेले आणि न थांबता परत आले. पर्सवाल्या दुकानदाराने हाक मारली, “काय मीटरभाऊ, आमच्या लाल पर्सला विसरलात!” मीटरभाऊंनी नुसता हात हलवला.

पाचव्या आठवड्यात पाय पुन्हा गार पडला. एका सकाळी अंथरुणावरून उठायला गेले तर घोट्याखाली काही जाणवेना. नवी वाट बुजली होती. डॉक्टरांनी दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं सांगितलं, आणि विचारलं, “एक गोष्ट खरी सांगाल का?”

त्यांनी सांगितलं. पहिले दहा दिवस वही खरी होती. अकराव्या दिवशी त्यांनी अकरा ओढल्या होत्या आणि सातला पेंटरने फोनवर सांगितलं होतं, माझे तीन. मीटरभाऊंच्या तोंडून आपोआप नऊ गेलं. नऊ सांगितलं म्हणून वहीत नऊ लिहावं लागलं. मग वही रोज उघडवेना. बुधवारी बैठकीला जाताना बसमध्ये बसून आठवड्याचे आकडे टाकू लागले. मागचे तीन धरायचे आणि उताराचा अंदाज घ्यायचा. कामात ज्याला त्यांनी आयुष्यभर नाक मुरडलं, तेच.

सिस्टर वॉर्डात आल्या तेव्हा मी आणि डावरी तिथेच होतो. त्यांचा तो दणदणीत आवाज अगदी खाली आला होता. खाटेच्या कडेला टेकून त्या म्हणाल्या, “तुम्ही खरे अकरा लिहिले असते, तर मी तुम्हाला दंडावर लावायच्या निकोटीनच्या पट्ट्या दिल्या असत्या. गोळ्या सुरू केल्या असत्या. डॉक्टरांना सांगून तारीख पुढे ढकलली असती. त्यासाठीच ती वही असते हो. शून्याला मी काय देऊ?”

मीटरभाऊ छताकडे बघत होते. “दार बंद होतं, सिस्टर,” म्हणाले. “सरासरी टाकली.”

सिस्टरांना ते कळलं नसावं. डावरीला कळलं. ती उठून खिडकीपाशी गेली.

पाय काढल्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी पेंटर आला. जिना चढून धाप लागलेली. स्टुलावर बसून पाच मिनिटं नुसता श्वास घेत राहिला. चादर जिथे सपाट झाली होती तिकडे एकदाच बघितलं. समोरच्या घड्याळात सात वाजत आले होते.

“किती?” पेंटरने विचारलं.

डावरी म्हणाली, “काका, आता कसले आकडे विचारता?”

“विचारू दे. किती रे?”

मीटरभाऊंनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, “इथे नाही. कोण देणार? पण घरी होतो तेव्हा, शस्त्रक्रियेनंतरही, रोज चार. कधी पाच. मोरीत, नळ सोडून. तुम्हाला शून्य सांगत होतो.”

पेंटरने मान हलवली. नखातला रंग दुसऱ्या नखाने उकरत राहिला.

“माझे सात,” तो म्हणाला. “आठ. परवा दहा.”

“आता?”

“आताच नाही रे बाबा. पहिल्यापासून. तुझा आवाज ऐकला की वाटायचं, हा पोरगा एवढा झटतोय, याला दहा सांगून कसं पाडू? म्हणून तीन सांगितले. मग तू उतरत गेलास. मग मला पण उतरावं लागलं.”

मीटरभाऊ कोपरावर उठले. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “मी तुमच्यामुळे खोटं बोललो! म्हातारा माणूस, फुप्फुसं गेलेली, त्याला जमतंय आणि मला नाही, याची लाज वाटत होती मला. तुमच्या शून्यापायी माझा पाय गेला, काका!”

“आणि मी तुझ्या शून्यापायी ओढत बसलो,” पेंटर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “वाटायचं, एकाला तरी जमलंय ना.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून ऐकत होता. डावरीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते परत तोंडापुढे धरलं. पेंटर जायला उठला तेव्हा मला वाटलं, हे संपलं. दारापाशी जाऊन तो वळला.

“उद्या सातला करतो,” म्हणाला. “उचलायचा असेल तर उचल.”

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मीटरभाऊंनी उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी आल्यावर आठवड्याने एकदा उचलला. मी त्यांच्याकडे भाजी घेऊन गेले होते. ते फोनवर फक्त एवढंच म्हणाले, “तीन,” आणि ठेवून दिला. डावरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ‘तीन’ ऐकून तिची पाठ ताठ झाली. पण ती वळली नाही.

त्यानंतरचे आकडे मी रोज ऐकले. ते शिडीसारखे नव्हते. तीन, पाच, एक, एक, सहा. कृत्रिम पाय पहिल्यांदा बसवला त्या दिवशी नऊ. तो टोचत होता आणि ते आरशापुढे पडले होते. सिस्टरांनी दंडाला पट्ट्या दिल्या, गोळ्या दिल्या, पुन्हा बुधवारी बोलावलं. वही नवीन. ‘का’च्या रकान्यात आता वाक्यं असत. ‘बसमध्ये जागा दिली, त्याचा राग आला.’ ‘हिने काही म्हटलं नाही म्हणून.’ डावरीने मला दाखवली तेव्हा शाई पानोपान वेगळी होती, एका ठिकाणी पेन्सिल, एका ठिकाणी चहाचा डाग. मी या वेळी काही शेरा दिला नाही.

आणि फोनवर भांडणं. “काका, आज पण आठ? लाज वाटते का?” “तुला एक पाय आहे म्हणून माज करू नकोस, मला पण एकच फुप्फुस आहे!” डावरी म्हणायची, हे दोघे एकमेकांना धीर देतात की शिव्या, काही समजत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की डाव्या पायाची नळीही बुजायला लागली आहे. म्हणजे शून्याशिवाय गत्यंतर नव्हतंच. घरी आल्यावरचं पहिलं खरं शून्य आलं ते पाय गेल्यावर सात महिन्यांनी, आणि ते एकच दिवस टिकलं. मग दोन दिवस. मग अकरा दिवस, आणि मग एका दिवसात चार.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पेंटर इस्पितळात गेला तो परत आला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलताना दम लागायचा, म्हणून त्याची मुलगी फोन त्याच्या कानाशी धरायची. मी तेव्हा मीटरभाऊंच्या घरी बसले होते. आवाज मोठा करून ठेवला होता.

“किती, काका?”

“शून्य.” मग बराच वेळ नुसती घरघर. “खरं, रे. ऑक्सिजनची नळी लावलीय नाकाला. काडी पेटवली तर आख्खा वॉर्ड उडेल.”

मीटरभाऊ हसले नाहीत. “माझं पण शून्य,” म्हणाले. “सोळावा दिवस.”

“शपथ?”

“वही आणून दाखवू?”

“नको. जिना चढायचास उगाच.”

तो गेला त्या दिवशी मीटरभाऊ अंत्यविधीहून आले ते घरात न येता फाटकापाशी उभे राहिले. आमच्या खिडकीतून मला दिसत होते. एक ओढली, तिच्यावर दुसरी पेटवली. गल्लीतली माणसं येत-जात होती, आणि ते कुठलीही जाहिरात न वाचता उघड उभे होते. डावरी दारात आली आणि तिथेच थांबली. तिने हाक मारली नाही. सातला फोन वाजायचा नव्हता. सात वाजून गेल्यावर ते आत गेले, खुर्चीवर बसले आणि तिला म्हणाले, “सहा.”

तिने फळीवरची वही काढली, डाव्या हाताने तारीख घातली, सहा लिहिलं. ‘का’ विचारलं नाही. तो रकाना तिने स्वतःच भरला, आणि काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

आता रोज सातला ती विचारते. मीटरभाऊ म्हणतात की पेंटरकाकांना सांगणं सोपं होतं. हिला सांगणं जड जातं. कधी आकडा निघत नाही. मग ती वाट बघते. बुधवारच्या बैठकीत सिस्टरांनी त्यांना नवीन जोडीदार घ्या म्हणून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते नको म्हणाले. माझ्याकडे ते फारसे येत नाहीत. जिथे पायऱ्या आहेत तिथे ते जायचं टाळतात, आणि आमच्या ओट्याला तीन आहेत. मीच जाते. त्या ‘छान’बद्दल मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही विचारलं असतंत तरी मी खोटंच बोललो असतो, बाई.” हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरं म्हटलं, मला सांगता येणार नाही.

गेल्या अकरा महिन्यांत त्यांनी सात सिगरेटी ओढल्या. डावा पाय अजून आहे. घोट्यापाशी बोट दाबलं की नाडी लागते, पण शोधावी लागते. मीटर घ्यायचं काम सुटलं. कार्यालयाने त्यांना तळमजल्यावर तक्रारींच्या खिडकीवर बसवलं आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मागच्या अंगणात जातात आणि तिथे सगळेच ओढतात, म्हणून मीटरभाऊ खिडकी अर्धी लोटून डबा जागेवरच खातात.